अमेरिकन साहेबांचा कुलवृत्तांत

भेटल्याबरोबर तुमच्या पणजोबांचं नाव विचारणारा माणूस तुम्हाला आवडेल का? मला नाही आवडला. मस्कतच्या त्या कंपनीत मी रुजू झालो, त्या दिवशी माझी खुर्चीसुद्धा अजून जागेवर आली नव्हती. मी बॅग हातात धरून उभा होतो आणि शेजारच्या टेबलावरून हे गृहस्थ माझी उलटतपासणी घेत होते.

"मूळचे कुठले?"

"परळ."

"ते आत्ताचे हो. मूळचे?"

"रत्नागिरीकडचे."

"रत्नागिरीकडे पुष्कळ गावं आहेत."

मी गाव सांगितलं. वाडी सांगता आली नाही. आजोबा लहानपणीच मामाचं बोट धरून मुंबईला आले, गिरणीत लागले, परत गेलेच नाहीत. त्यांच्या वडिलांचं नाव काय, हे आमच्या घरात कुणाला माहीत नाही आणि त्यावाचून कुणाचं अडलेलंही नाही. पण या गृहस्थांचं अडलं. त्यांनी खिशातून डायरी काढली, माझं नाव लिहिलं, त्यावर माझ्या वडिलांचं, त्यावर आजोबांचं, आणि त्याच्याही वर एक रिकामा चौकोन काढून शेजारी लाल शाईने लिहिलं, 'शोध घेणे'. मग माझ्याकडे बघून म्हणाले, "नोंद नसणं म्हणजे काही गुन्हा नाही." मी जणू जामीन मागायला आलो होतो.

आम्ही दोघं रस्ते आणि पूल बांधणाऱ्या कंपनीच्या रेकॉर्ड विभागात होतो. नकाशे यायचे, त्यांना नंबर द्यायचे, शिक्का मारायचा, कपाटात लावायचे. हे काम ते बारा वर्षं करत होते. टेबलाला टेबल लागून होतं म्हणून ते मला 'शेजारी' म्हणत. मस्कतमधली सगळी मराठी मंडळी त्यांना काका म्हणायची, म्हणून मीही म्हणायचो. मनात वेगळा शब्द होता, तो इथे लिहिण्यासारखा नाही.

बाहेर पंचेचाळीस डिग्री असताना हा माणूस बाटलीच्या हिरव्या रंगाचा विणलेला हाफ स्वेटर घालून बसायचा. एसी बाधतो म्हणे. स्वेटरच्या आत शर्टाच्या खिशात दोन पेनं, एक निळं, एक लाल. निळं आपल्या कामासाठी, लाल दुसऱ्यांच्या चुकांसाठी, असं मी बायकोला सांगितलं होतं. ते अल अमेरातला एका खोलीत एकटे राहायचे. बायको-मुलगा पुण्याला. वहिनींना मी कधी पाहिलं नाही, पण त्यांचं माहेरचं आडनाव, आजोळ आणि गोत्र मला पाठ होतं.

त्यांच्या टेबलाच्या खणात खाकी कागदाचं कव्हर घातलेला एक जाडजूड ग्रंथ होता. त्यांच्या घराण्याचा कुलवृत्तांत, दुसरी आवृत्ती. मूळपुरुषापासून आजच्या शेंबड्या पोरांपर्यंत त्या आडनावाचे जेवढे म्हणून जन्मले, तेवढे सगळे त्यात पिढीवार छापले होते. प्रस्तावनेत ज्यांचे आभार मानले होते त्यांत सहावं नाव काकांचं. ते पान त्यांनी इतक्या लोकांना इतक्या वेळा दाखवलं होतं, की ग्रंथ टेबलावर ठेवला की आपोआप तिथेच उघडायचा.

कुलवृत्तांतातली माणसं एकवेळ परवडली, कारण ती छापून गप्प बसली होती. काका गप्प बसत नसत. अल खौदला आमच्या इमारतीत त्यांच्याच आडनावाचं एक कुटुंब राहायचं. त्यांनी एका वर्षी पुण्याहून शाडूची मूर्ती विमानात मांडीवर घेऊन आणली. चतुर्थीच्या सकाळी आरतीची तयारी चालली असताना काका दारात. "साताऱ्याला आपले एक भाऊबंद परवा वारले. नवव्या पिढीत त्यांची आणि तुमची शाखा एक होते. तेव्हा तुम्हाला सुतक येतं का, हे एकदा बघायला हवं." त्या घरातल्या वहिनी मोठ्या धीराच्या. त्यांनी हातातलं ताम्हन खाली ठेवलं नाही. म्हणाल्या, "काका, मोदक खा आणि घरी जा." काकांनी मोदक खाल्ले. पाच खाल्ले. सुतक असलंच तर त्यांनाही होतं, हे त्यांच्या लक्षात आलं नाही की मोदकांपुढे आठवलं नाही, देव जाणे.

माझे वडील गेले तेव्हा मी मुंबईला जाऊन दिवस करून परत आलो. शुक्रवारी काका भेटायला आले. सगळे बसतात तसे दोन मिनिटं मान खाली घालून बसले. मला वाटलं, माणूस आहे शेवटी. तिसऱ्या मिनिटाला डायरी बाहेर.

"वडिलांचं पूर्ण नाव एकदा सांगा. आणि तुमच्या आईचं माहेरचं?"

चहा घेऊन आलेली माझी बायको ट्रे हातात धरून तशीच उभी राहिली. ते लिहीत होते. लिहून झाल्यावर शाई वाळावी म्हणून त्यांनी पानावर फुंकर घातली. "माणूस गेला की वर्षाच्या आत माहिती घेऊन ठेवावी. नंतर घरचेच विसरतात," असं आम्हाला समजावलं. ते गेल्यावर बायको म्हणाली, "यांना परत घरात घ्यायचं नाही." आम्ही घेतलं नाही.

आणखी एक खूळ सांगतो, कारण पुढे ते लागणार आहे. ऑफिसच्या पँट्रीच्या दारावर सगळ्यांच्या वाढदिवसांची यादी लावलेली असायची, तीही काकांच्याच हातची. एकदा त्यात सालेमची तारीख चुकली. सालेम हा आमचा ओमानी सहकारी, इब्रा गावचा. सरकारी कागदपत्रं, व्हिसा वगैरे तो बघायचा. दुसऱ्या कुणी पांढरी शाई लावून तारीख बदलली असती. काकांनी खाली लाल पेनने लिहिलं, 'वरील तारीख चुकीची. बरोबर तारीख अमुक. चूक माझी.' खाली पूर्ण नावाची सही आणि दिनांक.

मी म्हटलं, "काका, वाढदिवसाची यादी आहे, कोर्टाचा कागद नाही."

"खोडायचं नसतं, शेजारी. खोडलं की पुढच्याला कळत नाही, कोण कुठे चुकलं. वरचं तसंच ठेवायचं, खाली लिहायचं आणि सही करायची. कुलवृत्तांताचा नियमच आहे तो."

बारा वर्षांत त्या यादीवर वाढदिवस कमी आणि दुरुस्त्या जास्त झाल्या होत्या. लोक चहा घेताना त्या वाचून हसायचे. मीच सगळ्यांना वाचून दाखवायचो.

सालेमवर मात्र काकांचं प्रेम होतं. कारण सालेमला आपल्या सात पिढ्या पाठ होत्या. सालेम बिन अमुक बिन तमुक, असं तो एका दमात सातव्या बापापर्यंत जायचा आणि काका बोटांवर मोजत डोळे मिटून ऐकायचे. झालं की माझ्याकडे वळून, "बघा, शेजारी. याला म्हणतात घराणं." माझा रिकामा चौकोन त्या वेळी माझ्या कपाळावर काढल्यासारखा वाटायचा. ऑफिसची गाडी चालवणारे दाऊदभाई दापोलीकडचे. त्यांनाही काकांनी सोडलं नाही. पण दाऊदभाई माझ्यापेक्षा हुशार. "आमचे आजे सांगायचे, आपन अरबस्तानातून गलबतानं कोकणात आलो. आता मी विमानानं परत आलो. खलास काका, सर्कल पुरा झाला," असं म्हणून ते गाडीची चावी फिरवत निघून गेले. काकांनी तेही लिहून घेतलं.

असा हा माणूस मस्कतमध्ये राहून साऱ्या जगाच्या वंशावळी काढत मरून गेला असता आणि माझं काही गेलं नसतं. पण आमच्या अमेरिकन साहेबांकडे तीन खोकी आली.

साहेब साठीचे, उंच, हळू बोलणारे. प्रोजेक्टचे सर्वेसर्वा. त्यांची मावशी अमेरिकेत वारली आणि तिने जन्मभर जमवलेले घराण्याचे कागद बोटीने मस्कतला आले. चर्चच्या नोंदींच्या नकला, थडग्यांचे फोटो, मृत्युपत्रं. साहेबांच्या घरात अशी समजूत होती की त्यांचा पूर्वज चारशे वर्षांपूर्वी, अमेरिकेत गोरा माणूस हाताच्या बोटांवर मोजावा इतका विरळ होता तेव्हा, लाकडी जहाजातून उतरलेला एक शेतकरी. त्या शेतकऱ्याच्या वंशजांचं तिकडे एक मंडळ होतं. मूळपुरुषापासून आपल्यापर्यंत एकही कडी न तुटता वंश दाखवला तरच त्यात प्रवेश. रिटायर होऊन घरी जायच्या आधी त्या मंडळात आपलं नाव लागावं, एवढंच साहेबांना आता हवं होतं.

काका एक नकाशा द्यायला साहेबांच्या खोलीत गेले आणि तासभर बाहेरच आले नाहीत. आले तेव्हा चेहरा लग्नघरातल्यासारखा.

"शेजारी, शिवकालातला माणूस! आणि थेट समुद्र ओलांडून! असा मूळपुरुष मी अजून हाताळलेला नाही. मी साहेबांना म्हटलं, सर, आय ॲम फ्रॉम कुलवृत्तांत लाइन. ते म्हणाले, गो अहेड."

मी हसलो असतो. पण ते वर्ष हसण्याचं नव्हतं. तेलाचे भाव घसरले होते आणि मस्कतमधली प्रत्येक कंपनी माणसं कमी करत होती. आमच्या विभागात दोघांची गरज नाही, एक पुरे, असा वरून निरोप आला होता. साहेबांनी आम्हा दोघांना बोलावून सांगितलं, की माझं हे काम होईपर्यंत तुमच्या टेबलांना मी कुणाला हात लावू देणार नाही, आणि ते नीट झालं तर पुढचंही मी बघेन. माझी मुलगी इंडियन स्कूलमध्ये नववीत होती. नोकरी गेली की व्हिसा गेला, व्हिसा गेला की दहावीच्या तोंडावर तिला उचलून मुंबईला न्यायची. काकांच्या मुलाचं इंजिनिअरिंगचं शेवटचं वर्ष होतं. तेव्हा मीही त्या शेतकऱ्याच्या वंशाला हात घातला.

रोज दुपारच्या सुट्टीत मीटिंग रूममध्ये आम्ही बसायचो. काका कागद वाचायचे, मी कॉम्प्युटरवर नावं भरायचो. पद्धत सगळी आपली. पिढी क्रमांक, शाखा, निर्वंश, दत्तक. लग्न झालेल्या मुलींपुढे काका 'परगृही' लिहून रेघ मारायचे. साहेबांनी एकदा येऊन विचारलं, या मुलींची पुढची नावं कुठायत?

"सर, मॅरीड."

"सो वॉज माय मदर," साहेब म्हणाले.

काकांनी त्यावर दोन दिवस विचार केला आणि मुलींसाठी तुटक रेघेची सोय केली. तेवढीच त्यांची सुधारणा. ऑफिसात त्या शेतकऱ्याला सगळे 'मूळपुरुष' म्हणायला लागले. सालेमसुद्धा दारातून डोकावून विचारायचा, "मूलपुरुष कैसा है आज?"

चार पिढ्या सरळ उतरल्या. पाचवीला गाडी अडली. साहेबांकडून मागे जावं तर एका जोसाया बेंजामिन नावाच्या माणसापर्यंत जाता यायचं. मूळपुरुषाकडून खाली यावं तर चौथ्या पिढीतल्या एका बेंजामिनपर्यंत. मधे कागद नाही. तीन आठवडे काका त्या खोक्यांत डोकं घालून बसले होते. डबा उघडायचे आणि न खाता बंद करायचे. मला कंटाळा आला होता. एका दुपारी मी म्हटलं, "काका, माणसाचं नाव काय?"

"जोसाया बेंजामिन."

"वरच्या पिढीत बेंजामिन आहे की नाही?"

"आहे."

"मग झालं की. मधलं नाव बापाचं."

ते टेबलावर थाप मारून म्हणाले, "वा, शेजारी!" तरी खात्री म्हणून सालेमला बोलावलं. सालेमने खांदे उडवले. "सेकंड नेम फादर का होता है. सब जगह." एक पुण्याचा, एक परळचा आणि एक इब्राचा, अशा तिघांनी मस्कतमध्ये बसून अमेरिकेच्या नावांचा निकाल लावला. तिघांच्याही देशात माणूस बापाचं नाव मधे लावूनच जन्माला येतो, मग अमेरिकेत तो वेगळा का येईल?

काकांना एक शंका आलीच. "यात एक बाई आहे, मेरी एलिझाबेथ. हिच्या बापाचं नाव एलिझाबेथ कसं असेल?"

"आईचं लावलं असेल. अमेरिका आहे काका, तिकडे बायकांचं चालतं."

त्यांनी डायरीत लाल शाईने 'पाहणे' असं लिहिलं. मी नाव भरून टाकलं. किल्ली सापडल्यावर जिथे जिथे अडलं होतं तिथे आम्ही ती फिरवली आणि आठ दिवसांत वंश पुरा झाला. मी बोलून गेलो हे खरं. पण कुलवृत्तांतवाले ते होते, मी नव्हतो. तपासायचं काम त्यांचं होतं. निदान मी तसं धरून चाललो.

नकाशे काढायच्या मोठ्या मशीनवर आम्ही वंशवृक्ष छापला आणि रुवीला नेऊन त्याला फ्रेम केली. खाली बारीक अक्षरांत दोघांची नावं, त्यांचं आधी. साहेबांनी ती फ्रेम आपल्या खुर्चीमागच्या भिंतीवर लावली, तिचा फोटो काढून मंडळाकडे अर्ज पाठवला आणि आम्हा दोघांशी हात मिळवला. घरी मी बायकोला सांगितलं, दहावीची काळजी मिटली.

मग काकांना उरलेलं काम सुचलं. वंशवृक्षाबरोबर द्यायच्या पुस्तिकेत साहेबांची स्वतःची माहिती भरायची राहिली होती; वंश आईच्या बाजूने आलेला, त्यामुळे वडिलांचं नाव कागदांत कुठे नव्हतं. साहेबांच्या दारावर पितळी पाटी होती. साहेबांचं नाव, मग नुसतं 'ई', मग आडनाव. ती पाटी काका बारा वर्षं रोज तीनदा वाचत होते. त्या दिवशी त्यांनी आत जाऊन विचारलं, "सर, ई फॉर फादर्स गुड नेम?"

"नो, नो. एडगर. माझ्या आईच्या डेंटिस्टचं नाव. तिला तो फार आवडायचा." वडिलांचं नाव भलतंच होतं.

काका बाहेर आले, खुर्चीत बसले आणि त्यांनी हाफ स्वेटर काढला. इतक्या वर्षांत मी त्यांना पहिल्यांदा स्वेटरशिवाय पाहत होतो. शर्टाची पाठ भिजली होती.

"शेजारी, मधलं नाव बापाचं नसतं."

"एका माणसाचं नसलं म्हणून काय झालं?"

ते उठून मीटिंग रूममध्ये गेले. ज्यांच्या बापाचं नाव कागदावर नक्की होतं, अशी सगळी नावं त्यांनी दिवसभर ताडून पाहिली. संध्याकाळी येऊन म्हणाले, "जिथे जुळतंय तिथे योगायोग आहे. मी साहेबांना सांगून येतो."

मी त्यांचं मनगट धरलं. धरलं म्हणजे चांगलं आवळलं. "माझी मुलगी नववीत आहे. तुमच्या मुलाचं शेवटचं वर्ष आहे. अर्ज गेलाय, तिकडचे बघून घेतील. तुम्ही गप्प बसा."

"चूक माहीत असून नोंद तशीच ठेवायची?"

"ठेवायची."

ते बसले. दोन दिवस माझ्याशी एक शब्द बोलले नाहीत, मला जरा आराम पडला. तिसऱ्या दिवशी सकाळी मी लवकर आलो तर साहेबांच्या खोलीत फ्रेम टेबलावर पालथी, मागचा पुठ्ठा उघडलेला, आणि काका बाहेर काढलेल्या वंशवृक्षाच्या उजव्या कोपऱ्यात लाल पेनने लिहिताहेत. मराठीत. मी वाकून वाचलं. 'पाचव्या पिढीची जोडणी चुकीची आहे. पुरावा नसताना मधल्या नावावरून अंदाज केला. चूक माझी.' खाली पूर्ण नावाची सही आणि दिनांक.

"इंग्रजीत लिहिलं असतं तर तुमच्या मुलीचं काय ते झालं असतं," ते म्हणाले, "म्हणून मराठीत लिहिलं. पण लिहायला तर हवं."

मला हसू आवरेना. "काका, इथे हे वाचणार कोण?"

"आत्ता कुणी नाही," ते म्हणाले आणि पानावर फुंकर घातली.

त्या रात्री जेवताना मी आणि बायको पोट धरून हसलो. साहेबांना वाटलं, तो काहीतरी भारतीय आशीर्वाद आहे. आल्या-गेल्याला ते कौतुकाने दाखवायचे.

दोन महिन्यांनी मंडळाचं पत्र आलं. पाचव्या पिढीला पुरावा नाही, पुढच्या जोडण्या निव्वळ अंदाजाने केलेल्या दिसतात, अर्ज नामंजूर. साहेबांनी दार लावून घेऊन ते वाचलं. मग मला एकट्याला बोलावलं. काका दाऊदभाईंबरोबर साइटवर गेले होते. साहेब फ्रेमसमोर उभे होते, पाठ माझ्याकडे. विभागातला एक माणूस कमी करायचा कागद टेबलावर पडला होता. तो मी उलटासुद्धा वाचू शकत होतो, नावाची जागा कोरी होती.

लाल अक्षरांवर बोट ठेवून साहेबांनी विचारलं, "व्हॉट डझ इट से?"

मला आशीर्वाद आहे असं सांगता आलं असतं. मला वाचता येत नाही असंही सांगता आलं असतं, इतकं काकांचं अक्षर किरटं होतं. पण मी खरं बोललो. शब्दाला शब्द लावून भाषांतर केलं. एवढं काटेकोर भाषांतर मी आयुष्यात केलं नसेल. शेवटच्या ओळीला म्हणालो, "द मिस्टेक इज माइन."

साहेब वळले. "युवर्स?"

"नो सर. हिज. ही हॅज साइन्ड."

"ही न्यू?"

"येस सर. टू मंथ्स."

यातलं एकही वाक्य खोटं नव्हतं. पुढच्या आठवड्यात कोऱ्या जागेवर नाव आलं, ते काकांचं.

नोटिशीच्या महिन्यातही ते दुपारी त्या खोक्यांत बसायचे. काम अर्धवट टाकून जाता येत नाही, म्हणायचे. शेवटच्या दिवशी टेबल आवरताना त्यांनी मला विचारलं, "साहेबांनी तुम्हाला वाचायला लावलं म्हणे. जसं लिहिलं होतं तसंच सांगितलंत ना?"

"हो."

"बरं झालं. मला इंग्रजीत इतकं नेमकं जमलं नसतं." मग डायरीतून एक घडी केलेला कागद काढून माझ्या हातात दिला. "तुमच्या पणजोबांचं नाव शोधलं. गावच्या शाळेत लिहिलं, तलाठ्याला लिहिलं. नाही मिळालं. चौकोन रिकामा ठेवलाय. कुणी काही अंदाजाने सांगेल, ते घालू नका. रिकामाच राहू द्या."

मी कागद खिशात घातला आणि त्यांना दारापर्यंत सोडायला गेलो नाही.

साहेब पुढच्या वर्षी रिटायर झाले. जाताना फ्रेम मला देऊन गेले, खाली माझंही नाव होतं म्हणून. ती अल खौदच्या घरी कपाटामागे पडली होती. मुलीची दहावी इथेच झाली, बारावी झाली, ती पुण्याला कॉलेजात गेली. परवा सुट्टीला आली तेव्हा कपाट हलवताना फ्रेम तिच्या हातात आली. तिचं मराठी वाचन अडखळत चालतं. लाल अक्षरं बोटाने जुळवत तिने वाचलं, "चू-क, मा-झी. पपा, ही कोणाची मिस्टेक?"

"ते एक काका होते ऑफिसात. त्यांची."

"ओह. पुअर अंकल," ती म्हणाली आणि फ्रेम परत कपाटामागे ठेवून फोनकडे वळली.

म्हणून हे लिहायला बसलो. लिहिलेलं परत वाचून पाहिलं. हाफ स्वेटर, सुतक, पाच मोदक, माझ्या वडिलांच्या मागे उघडलेली ती डायरी, सगळं घडलं तसंच आहे आणि त्यातलं मी काही खोडणार नाही. त्यांचा राग मला अजून येतो. पण खाली लिहायला हवं. मधलं नाव बापाचं, हे त्यांनी म्हटलं नव्हतं, मी म्हटलं होतं. शंका त्यांना आली होती, ती मी उडवून लावली होती. साहेबांनी 'युवर्स?' असं विचारलं तेव्हा त्याचं उत्तर 'येस सर' असं होतं. चूक माझी.

याखाली पूर्ण नावाने सही करायची असते. ती अजून माझ्या हातून झालेली नाही.